रजेचं कारण

आमच्या निधीच्या शाळेला सूचना पाठवायची भारी हौस. जर्मनीत बॉनला आलो त्या पहिल्या वर्षी मला प्रश्नच पडायचा, की ही शाळा शिकवते कधी? रोज दप्तरातून एक कागद निघायचा. वर्गात कुणाच्या तरी डोक्यात उवा सापडल्या आहेत, तपासा. मुलाला कांजिण्या किंवा डांग्या खोकला झाला तर लगेच कळवा, न कळवणं नियमाविरुद्ध आहे. पोहण्याच्या तासाला कानातले काढून पाठवा. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक तुटक रेघ आणि तिच्याखाली एक ओळ, 'वरील मजकूर वाचला व समजला.' तिथे सही करायची, पट्टी कापायची आणि परत धाडायची.

आता आपल्याकडे सहीचं काय असतं? बाई डायरीत शेरा लिहितात, बाप न बघता सही ठोकतो, विषय संपला. यशोधन, म्हणजे माझा नवरा, इथेही तेच करायचा. एका हातात चहा, दुसऱ्या हातानं सही. निधी आठ वर्षांची, पण नियमाच्या बाबतीत पक्की जर्मन. "पापा, तू वाचलंच नाहीस!" असं जर्मनमध्ये ओरडायची. हा म्हणायचा, "जा, जा, वाचलं," आणि बसच्या मागे पळायचा.

सूचना खऱ्या अर्थानं वाचणारे एकच गृहस्थ होते, आणि ते कराडला बसले होते. माझे सासरे. दिनकर जोगळेकर, हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दर रविवारी सकाळी फोनकार्डावरचा नंबर खरवडून कराडला फोन लावायचा हा आमच्या घरचा नेम. नाना आधी नातीला शुद्धलेखन घालायचे, फोनवरून! ते एक वाक्य सांगणार, ही वहीत लिहिणार, मग अक्षर अक्षर वाचून दाखवणार. निधीला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की तोंडातून जर्मनच पडतं. नानांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. "तिला कळतंय ना, मग बोलेल. गरज पडली की बोलेल," म्हणायचे.

शुद्धलेखन संपलं की माझी पाळी. "हं, सूनबाई, या आठवड्याची सूचना?" मी भाषांतर करून वाचायची आणि ते शेरा मारायचे. "उवांची सूचना उत्तम. कुणाच्या डोक्यात सापडल्या ते लिहिलेलं नाही, ही खरी शाळा." पोहण्याच्या सूचनेवर म्हणाले, "लांबली. कानातले काढा, एवढं पुरे." मागून सासूबाई, कुसुमआई, ओरडायच्या, "अहो, तिचे पैसे जातायत फोनला, पुरे करा तुमची शाळा!"

सुट्टीची सूचना वाचली तेव्हा तर स्वारी एकदम खूश झाली. सुट्टीला लागून, आधी किंवा नंतर, रजा मिळणार नाही. अपवाद फक्त निकडीच्या कारणाचा, आणि ते कारण लेखी व स्पष्ट द्यावं. नाना म्हणाले, "शाब्बास! कोण आहे गं ही बाई? माझ्याकडे गठ्ठ्यानं अर्ज यायचे. 'घरगुती कारणास्तव रजा मिळावी.' मी लाल शाईनं लिहून परत पाठवायचो, 'कारण असमाधानकारक. घरात काय झालं ते लिहा.' अरे, लग्न आहे, जत्रा आहे, म्हैस व्यायली, काय असेल ते लिहा की! खरं कारण लिहिणाऱ्याला मी आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही."

मी हसले, पट्टीवर सही केली आणि ती कापून निधीच्या दप्तरात टाकली. वाचला व समजला.

ही २००७ सालची गोष्ट. फेब्रुवारीत आई फोनवर म्हणाल्या, "नानांना जरा बरं नाहीये. पित्त झालंय." पुढच्या रविवारीही जराच बरं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी नानांनी शुद्धलेखनाचं अर्धंच वाक्य सांगितलं आणि धाप लागली म्हणून फोन आईंच्या हातात दिला. मी यशोधनला म्हटलं, हे 'जरा' मला जराही पटत नाही. तेवढ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशीच कराडहून जयंतचा फोन आला. जयंत नानांचा विद्यार्थी, आता त्यांचा डॉक्टर. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. "तुमची ईस्टरची सुट्टी एप्रिलात ना?" त्यानं विचारलं. "तोवर थांबू नकोस, यशोधन. आणि नानांना काही बोलू नकोस हं. काकूंनी बजावलंय. धसका घेतील."

म्हणजे कराडच्या घरात अळीमिळी गुपचिळी. येणारा-जाणारा पित्तावरचे उपाय सांगतोय, आई मोरावळा भरवतायत आणि ज्याचं मरण आहे त्यालाच कुणी काही सांगत नाही.

त्या रविवारी नाना शुद्धलेखनाच्या आधीच म्हणाले, "निधीला घेऊन येता का रे? बघावंसं वाटतंय." या माणसानं जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. पायातली चप्पलसुद्धा दुसऱ्यानं 'अहो, झिजली ती' म्हटल्यावर बदलणारा माणूस. यशोधननं फोन ठेवला. निधीला त्यांच्यापर्यंत पोचवायचं, तेही ते असेपर्यंत. दुसरं काही आमच्या डोक्यात उरलं नाही.

आखनला राहणारी माझी मैत्रीण प्रभा म्हणाली, "अगं, विचारायचंच कशाला? ताप आलाय म्हणून कळव आणि बस विमानात." पण इथे शाळा बुडवली तर आईबापाला दंड होतो. सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलीस मुलांना हटकतात असंही बायका सांगायच्या. ते एक राहू दे. निधीला खोटं बोलता येत नाही ही खरी अडचण. शिवाय शाळेला थाप मारून या पोरीला नानांच्या पुढ्यात उभी करायची? त्यांनी आल्या पावली परत पाठवलं असतं.

तर अर्ज करायचा ठरलं. यशोधनचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं, ऑफिसात दिवसभर तेच बोलतो, म्हणून त्यानं लिहिला आणि पाठवून दिला. आठवड्याच्या आत उत्तर आलं. रेक्टोरिन, म्हणजे मुख्याध्यापिका, फ्राऊ हेलविग यांनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं होतं, की दिलेलं कारण निकडीचं दिसत नाही, वर्षाच्या सुरुवातीला पाठवलेली आणि आपण सही केलेली सूचना पाहावी.

"तू लिहिलं होतंस तरी काय?" मी विचारलं.

त्यानं प्रत दाखवली. मी वाचली आणि कपाळावर हात मारला. 'काही कौटुंबिक कारणास्तव, आजोबांची प्रकृती तितकीशी ठीक नसल्याने, शक्य झाल्यास.'

"तितकीशी ठीक नसल्याने? अरे, माणूस मरणाच्या दारात आहे! ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. हेडमास्तरचा मुलगा ना तू? घरगुती कारणास्तव! हा अर्ज नानांनीसुद्धा फेकून दिला असता!"

"मग काय लिहायला हवं होतं?"

"जे आहे ते! मरणार आहेत म्हणून लिहायचं!"

"कसं लिहू?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "अरुंधती, माणूस जिवंत आहे. काल माझ्याशी बोललाय. मी स्वतःच्या हातानं लिहू, नाना मरणार आहेत म्हणून? वास्तू तथास्तु म्हणत असते, आई म्हणायची."

आता हा मनुष्य देवापुढे हात जोडत नाही. गणपतीत आरतीला उभा राहतो तोही प्रसादासाठी. आणि त्याला कोण आठवलं, तर वास्तुपुरुष! बॉनमधल्या ड्युसडॉर्फ भागातल्या भाड्याच्या फ्लॅटचा वास्तुपुरुष! मी भयंकर चिडले. म्हटलं, तुझ्याच्यानं होणार नाही, दे इकडे, मी लिहिते. आणि तरातरा जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले.

'माझे सासरे' इथपर्यंत लिहिलं. पुढे बोटं हलेनात. म्हटलं, 'गंभीर' लिहू. मग वाटलं, गंभीर तरी कशाला, 'बरेच आजारी' लिहू. ते खोडलं. मला ते दिसत होते ना, कराडच्या हॉलमध्ये खुर्चीवर, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर पेपर. जित्याजागत्या माणसाबद्दल ते लिहायचं म्हणजे त्याच्या अंगावर पांढरी चादर ओढल्यासारखं वाटत होतं. चहा गार झाला, पण कागदावर 'माझे सासरे' याच्या पुढे शब्द नव्हता. यशोधन दारात उभा राहून बघत होता. बोलला असता तर मी तोच कप फेकला असता.

मी ठरवलं, लिहायला जमत नाही ना, तोंडानं सांगू. माझ्या तोंडाला तर सगळं माहेर-सासर घाबरतं. फ्राऊ हेलविगची वेळ घेतली आणि सकाळी शाळेत गेले. त्यांच्या खोलीबाहेर मुलांच्या हरवलेल्या टोप्या आणि हातमोज्यांची टोपली होती. त्यात निधीचा, आईंनी विणून पाठवलेला लाल हातमोजा दिसला. मी तो उचलून पर्समध्ये टाकला आणि आत गेले.

बाई साठीच्या आसपासच्या, उंच, केस बारीक कापलेले. इथले लोक 'ज'चा उच्चार 'य' करतात, त्यामुळे मी 'फ्राऊ योगलेकर'. त्यांनी बसायला सांगितलं, अर्ज पुढ्यात ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. मी म्हटलं, आजोबा आजारी आहेत, त्यांना नातीची आठवण येते, आम्हाला लवकर निघायचंय, तिचा अभ्यास मी भरून काढीन. त्या म्हणाल्या, "आजोबा आजारी आहेत अशी आमच्याकडे बरीच मुलं आहेत. ईस्टरला थोडेच दिवस उरलेत." मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "मी स्पष्ट विचारते, रागावू नका. आजोबा मरणार आहेत का?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाही नाही! छे! तसं काही नाही!"

वर मी हसलेसुद्धा. हातही हलवला, माशी हाकलावी तसा. बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्या म्हणाल्या, "देवाची कृपा. मग ईस्टरला निवांत जा. प्रवास छान होऊ दे." त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. मी 'डांके' म्हणून बाहेर पडले. डांके! रजा नाकारली म्हणून आभार मानून आले मी.

बसस्टॉपवर नुसती उभी राहिले. दोन बसेस आल्या, गेल्या. अगं बाई, तुला सांगायचं तेवढंच तर होतं! त्यासाठीच तर गेली होतीस! पण ते 'नाही' माझ्या टाळूलाच चिकटलेलं होतं. जन्मभर आजाऱ्याच्या दारात आपण दुसरं म्हणतो काय? कसे आहेत? बरे आहेत. नाकात नळ्या असल्या तरी बरे आहेत. समोरचाही ओळखतो, मान हलवतो, हळूच विचारतो, कुणाला कळवायचंय का. आपल्यात ते चालतं, कारण समोरचाही आपलाच असतो. या बाईनं सरळ विचारलं, मी सरळ 'नाही' म्हटलं, आणि तिनं विश्वास ठेवला. तिचं काय चुकलं?

घरी येऊन मी यशोधनला सांगितलं. वाटलं, आता हा माझ्यावर उलटणार, मी इतकं बोलले होते त्याला. त्यानं फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू असायचा. निधी वही घेऊन सोफ्यावर बसली होती. नानांचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा आला. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, 'आंब्याला मोहोर आला आहे.' तिनं लिहिलं, वाचून दाखवलं. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "हं, सूनबाई. सूचना?"

"सूचना नाही नाना," मी म्हटलं. "उत्तर आलंय. निधीची रजा नामंजूर."

"कारण काय लिहिलं होतंत?"

मी यशोधनकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. "कौटुंबिक कारणास्तव," मी म्हटलं.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. नाना हसत होते. "माझ्या टेबलावर आला असता तर मीही परत पाठवला असता. लिहून घ्या. पेन आहे?"

"आहे."

"'मुलीचे आजोबा आता थोड्या दिवसांचे सोबती आहेत...' नको, थांब. खोड ते. त्या बाईंना कळायचं नाही. असं लिही. 'मुलीचे आजोबा मरणार आहेत. मरण्यापूर्वी त्यांना नातीला भेटायचं आहे. म्हणून रजा मिळावी.' झालं. खाली सही. 'कृपया' एकदा घातलंत तर चालेल."

मागे काहीतरी दाणकन पडल्याचा आवाज झाला आणि आई ओरडल्या, "अहो! काय अभद्र बोलताय हे! फोन द्या इकडे!"

"थांब गं," नाना म्हणाले. "मुलांचं काम अडलंय."

"नाना," मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. हेच तर. मी उभा जन्म पोरांची तोंडं वाचण्यात घालवला. जयंता खोटं बोलताना कान खाजवतो, शाळेत असल्यापासून. परवा मला तपासताना दोन्ही कान खाजवत होता." दम खाऊन ते म्हणाले, "तुम्ही सगळे माझ्यासाठी गप्प. मी तुमच्यासाठी गप्प. आणि मधल्या मध्ये पोर तिकडेच अडकली. हा शहाणपणा कुणाचा? लिहिलंस का?"

"लिहिलं," मी म्हटलं.

"वाचून दाखव."

नेम म्हणजे नेम. मी वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "बरोबर," आणि फोन ठेवला.

मागे वळले तर निधी वही छातीशी धरून उभी. आम्ही तिलाही काही सांगितलं नव्हतं. वेडी माणसं आम्ही, तिला मराठी सगळं कळतं हे विसरलो होतो. तिनं जर्मनमध्ये विचारलं, "आजोबा मरणार आहेत?" तोच प्रश्न, त्याच भाषेत, जवळजवळ त्याच शब्दांत. 'नाही' पुन्हा जिभेवर आलं. मी ते गिळलं. "हो," म्हटलं.

"लवकर?"

"हो, बाळा."

तिनं वही मिटून सोफ्यावर ठेवली. मग म्हणाली, "मग आपण कधी निघायचं?"

यशोधननं नानांचा अर्ज शब्दाला शब्द जर्मनमध्ये उतरवला. 'मरणार' हा शब्द आला तेव्हा उठून गॅलरीत गेला. मी खुर्चीवरून हलले नाही. डोळे पुसून आला, बसला आणि लिहिला. वास्तुपुरुष काय म्हणाला देव जाणे. सोमवारी मी तो कागद घेऊन स्वतः शाळेत गेले.

फ्राऊ हेलविगनी उभ्या उभ्याच वाचला. खाली वाकून सही केली आणि शिक्का मारला. मग विचारलं, "फ्राऊ योगलेकर, त्या दिवशी तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

"आमच्यात असं बोलत नाहीत," मी म्हटलं.

"मग काय बोलतात?"

"काहीच नाही."

बाईंनी कागद माझ्या हातात दिला. रागावल्या नव्हत्या. मग वर्गातून निधीला बोलावून घेतलं, तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू आता आजोबांचा निरोप घ्यायला चालली आहेस. नीट घे. घाई करू नकोस." निधीनं मान डोलावली, एखादी सूचना ऐकावी तशी.

कराडला पोचलो तेव्हा नाना हॉलमध्ये कॉटवर होते. अर्धे राहिले होते. निधी चपला काढून थेट त्यांच्याजवळ गेली आणि दप्तरातून सुट्टीची ती सूचना काढून त्यांना दिली. त्यांनी चष्मा मागितला. जर्मन एक अक्षर कळत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत सगळी बघितली. म्हणाले, "समास चांगला सोडलाय."

ते दिवस ती त्यांच्या कॉटवरच होती. ते मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये, आणि दोघांचं छान चालायचं. बाकी घरात मात्र पुन्हा तेच सुरू. फोनवर नाना सगळं बोलले होते, पण तो शब्द जणू फोनमध्येच राहिला होता. शेजारचे येत, "काय हेडमास्तर, पावसाळ्यापर्यंत ठणठणीत!" म्हणत आणि बाहेर जाऊन डोळे पुसत. आई मोरावळा भरवत होत्या. त्यांनी एकदाही ते मान्य केलं नाही. नानांपुढे डोळ्यांत पाणी आलं तर फोडणीचा धूर म्हणायच्या, गॅस बंद असला तरी.

ईस्टरची सुट्टी संपत आली. नाना होते. यशोधन म्हणाला, अजून रजा वाढवून मागू. नाना नाही म्हणाले. "बाईंनी आपल्या शब्दावर रजा दिली, आपण तो शब्द पाळायचा. शाळा उघडेल त्या दिवशी पोर वर्गात पाहिजे." यशोधननं मागे राहायचं ठरलं. मी आणि निधी निघणार.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. मी नानांच्या पाया पडले, म्हटलं, "येते नाना." त्यांनी डोक्यावर हात ठेवला. आई दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "निधी, आजोबांना सांग, येते म्हणून."

निधी कॉटजवळ गेली. त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, फ्राऊ हेलविगनी सांगितलं होतं तशी, काही घाई न करता. मग मराठीत म्हणाली, स्पष्ट, "आजोबा, मी जाते."

"अगं!" आईंच्या हातातली वाटी हिंदकळली. "जाते काय म्हणतेस पोरी? येते म्हणावं! येते!"

निधीनं माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. नानांनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला गोड काहीतरी सांगता आलं असतं. जिभेवर तयार होतं. "म्हणतेय," मी म्हटलं, "की ते खरं नाही. मी परत येईन तेव्हा आजोबा नसतील."

यशोधननं भिंतीला हात टेकला. नाना निधीकडे बघत होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी शपथेवर सांगते, समाधान होतं.

"कारण समाधानकारक," ते म्हणाले. "रजा मंजूर." मग तिचा हात न सोडता म्हणाले, "आता माझीही मंजूर कर."

निधीनं विचार केला. त्यांचीच नात ती. "कारण?" तिनं विचारलं.

"थकलो गं," नाना म्हणाले.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, मग म्हणाली, "मंजूर."

आई पुढे आल्या. निधीच्या तळहातावर त्यांनी दही ठेवलं, पण 'लवकर ये' म्हणाल्या नाहीत. वाटी खिडकीत ठेवून दिली. मग त्या कॉटच्या कडेला बसल्या, नानांच्या पायांवर हात ठेवला आणि त्यांच्यासमोर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मोठ्यानं रडायला लागल्या. नानांनी त्यांना गप्प केलं नाही. हळूहळू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.